नडगीवरचे काटे

फोटोताईच्या घरात झुरळांच्या बाबतीत दोन पक्ष होते. एका पक्षात तिची आई, हातात कायम चप्पल. दुसऱ्या पक्षात खुद्द फोटोताई, जिची नोकरीच मुळी झुरळांच्या जिवावर चालायची. "लोकांच्या मुली बँकेत जातात, शाळेत शिकवतात," आई शेजारणींना सांगायची, "आमची मात्र झुरळं सांभाळायला जाते. इथे मी मारायची आणि तिकडे हिने वाढवायची! कधी संपायची ती?" शेजारणी हसायच्या आणि फोटोताईही हसायची, कारण आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

फोटोताई हे नाव तिला वडिलांच्या स्टुडिओमुळे पडलं होतं. चौकात चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारून एक अरुंद जिना वर जायचा. वर गेलं की दोन मोठे दिवे, एक स्टूल आणि भिंतीवर निळा पडदा, एवढाच पसारा. ती तिथेच कॅमेरा शिकली आणि वडिलांच्या मागे तिनेच तो स्टुडिओ चालवला. वडिलांची एक शिकवण तिच्या अंगात पक्की मुरली होती. बटण दाबण्याआधी एकदा हात फिरवायचा. खांद्यावरचा दोरा उचलायचा, कॉलर बसवायची, कपाळावर आलेली बट मागे सारायची. "आपण आहोत तसं कुणालाच स्वतःला बघायचं नसतं," ते म्हणायचे. तिच्या हाताखालून गेलेला गबाळा माणूससुद्धा फोटोत बरा दिसायचा. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि गिऱ्हाइकं जिना चढेनाशी झाली. शटर शेवटचं खाली ओढल्यावर ती नोकरी शोधू लागली, तेव्हा एका संशोधन संस्थेला वेगवान कॅमेरा चालवणारं माणूस हवं असल्याचं कळलं. फोटो कशाचे काढायचे हे जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर आपण त्या बाजूला फिरकलोही नसतो, हे ती स्वतःच सांगते.

पहिल्या दिवशी संस्थेतल्या बाईंनी तिला थेट झुरळांच्या खोलीत नेलं. बाई म्हणजे तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ. बोलणं मोजकं, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. खोली उबदार होती आणि तिला एक कुबट, तेलकट वास होता. प्लास्टिकच्या पेट्यांमध्ये अंड्यांचे पुठ्ठे उभे लावले होते आणि त्यांच्या फटींतून अंगठ्याएवढी झुरळं मिशा हलवत होती. फोटोताईने दाराची कडी हातात घट्ट धरून ठेवली. बाईंनी एक झुरळ लहानशा फिरत्या पट्ट्यावर सोडलं, ते डोळ्यांदेखत सुसाट पळालं, आणि मग तेच पळणं त्यांनी पडद्यावर अगदी सावकाश चालवून दाखवलं.

फोटोताईने कडी सोडली.

पडद्यावर तीन पाय उचललेले होते आणि तीन टेकलेले होते. एका बाजूचा पुढचा आणि मागचा, दुसऱ्या बाजूचा मधला. मग अदलाबदल. कॅमेऱ्याची तिपाई आयुष्यभर वाहिलेल्या फोटोताईला ते लगेच उमगलं: तीन पाय टेकले की डगमग नाही. हा प्राणी पावलागणिक नवी तिपाई मांडत होता आणि मोडत होता, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. बाईंनी मग दुसरी चित्रफीत लावली. पळत्या झुरळाला बाजूने हवेचा झोत बसला, अंग एकदम तिरकं झालं, आणि पुढच्याच पावलाला सरळ.

"घाबरून सावरलं का ते?" फोटोताईने विचारलं.

"घाबरायला वेळच कुठे मिळाला?" बाई म्हणाल्या. "धक्का बसल्याची बातमी डोक्यात पोचून तिकडून हुकूम सुटायच्या आत पायाने काम उरकलंय. पाय दबतो आणि उसळून परत येतो. त्याची घडणच तशी आहे. अशा पायांचं यंत्र करायचंय आपल्याला."

फोटोताईने तोंडात बोटच घातलं. ज्याला आपण जन्मभर केरसुणीने ढकललं त्याच्या एका नडगीत एवढी करामत! घरी जाताना ती बसमधल्या उभ्या माणसांचे गुडघे बघत राहिली. बस खड्ड्यातून गेली की सगळे गुडघे न सांगता वाकायचे आणि न सांगता सरळ व्हायचे, आणि वरची माणसं आपली फोनवर बोलत असायची. एका बाईने तिला "काय बघताय?" म्हणून दरडावलंसुद्धा.

असं तिचं काम सुरू झालं. झुरळाला वेगळ्या फ्रिजमध्ये गार करून सुस्त करायचं, मग एका केसाच्या कुंचल्याने पायाच्या प्रत्येक सांध्यावर पांढरा ठिपका द्यायचा, जाग आली की पळवायचं आणि टिपायचं. ठिपक्यांवरून पाय कुठे, किती, केव्हा वाकला हे संगणक काढायचा. पण झुरळाच्या नडगीवर काटे असतात. चांगले लांब, कडक काटे. त्यांच्या सावल्या ठिपक्यांवर पडायच्या आणि संगणक गोंधळायचा. फोटोताईने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची इवलीशी कात्री मिळवली आणि काटे कापून टाकले. कुणाला विचारलं नाही. बट मागे सारताना कुणी विचारतं का?

त्यानंतर तिची चित्रं अशी निघायला लागली की बघत राहावं. पाय कसा, तर गुळगुळीत, रेखीव, प्रत्येक ठिपका झळझळीत. दूरदूरच्या संस्था ती चित्रं मागून न्यायला लागल्या. कौतुकाच्या बाबतीत हात आखडता ठेवणाऱ्या बाईसुद्धा एकदा म्हणाल्या, "असे पाय आजवर कुणी टिपलेले नाहीत." तेवढ्या एका वाक्यावर फोटोताई कितीतरी दिवस हवेत होती. झुरळाला काटे असतात हे संस्थेत कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण पडद्यावर ते दिसत नाहीत म्हणजे पळताना पायाला चिकटून बसत असतील, असं सगळे धरून चालले होते. शहाण्यांच्या घरात प्रश्न असेच उपाशी राहतात.

या चित्रांवरून यंत्र घडवणारा होता लोहार. म्हणजे होता इंजिनियर, पण दिवसभर पोलादी पट्ट्या ठोकत, वाकवत, तापवत असायचा म्हणून हे नाव. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं, सहा पायांचं ते यंत्र त्याने स्वतःच्या हाताने उभं केलं होतं आणि तो त्याला 'पोरगं' म्हणायचा. अग्निशमन दलासाठी होतं ते. घर कोसळलं की ढिगाऱ्याच्या ज्या फटींत माणसाचा हात जात नाही, तिथे दिवा, माईक आणि स्पीकर पाठीवर घेऊन शिरायचं, आणि आत कुणी जिवंत आहे का ते बघायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायला.

चाचणी दलाच्या सरावाच्या मैदानात झाली. तिथे तुटक्या स्लॅबचा, विटांचा आणि वाकलेल्या सळ्यांच्या जाळ्यांचा एक ढीग मुद्दाम रचून ठेवलेला होता, आणि खाली सिमेंटच्या मोठ्या नळात एक जवान अडकलेल्या माणसाच्या भूमिकेत पडून होता. पोरगं विटांवरून असं तुरुतुरु गेलं की दलाच्या माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. लोहाराची छाती फुगली. मग सळ्यांची जाळी आली. एक पाय भोकातून थेट मांडीपर्यंत खाली गेला, तो बाहेर पडायच्या आत दुसरा गेला, मग तिसरा, आणि पोरगं पोटावर पडून नुसतं घरघरत राहिलं.

"बघू, रणगाड्यासारखं पट्ट्यावर चालणारं यंत्र मागवू," दलाचे साहेब सभ्यपणे म्हणाले.

नळातून बाहेर आलेल्या जवानाने अंगावरची धूळ झटकली. तो हसत होता, पण हसणं पुरतं नव्हतं. "टकटक आवाज जवळ आला," तो म्हणाला, "आणि मधेच थांबला. सराव आहे हे ठाऊक होतं हो मला. तरी छातीत धस्स झालं."

संस्थेत परतल्यावर बाईंनी स्पष्ट सांगितलं: आणखी एक चाचणी मिळेल, तीही फसली तर पाय सोडायचे आणि पट्टा लावायचा. लोहार मान खाली घालून बसला होता. "चूक माझीच आहे," तो म्हणाला. "नक्कल करण्यात मी कुठेतरी कमी पडतोय. ताईंची चित्रं तर चोख आहेत." फोटोताईला त्याची दया आली आणि तिने त्याला चहा आणून दिला.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आई ओरडली. सिंकखालून एक घरगुती, साधंसुधं झुरळ निघालं होतं. आई चप्पल घेऊन धावली, झुरळ ओट्यावर चढलं, आणि ओट्यावर ठेवलेल्या भांडी निथळायच्या तारेच्या जाळीवरून सरळ पलीकडे गेलं. तारांमधली भोकं त्याच्या पावलापेक्षा कितीतरी मोठी. ते ना थांबलं, ना अडखळलं, ना खाली बघितलं.

"आई, थांब! मारू नकोस!"

आईची चप्पल हवेतच राहिली. "आता घरातलीही पाळणार का?"

फोटोताईने वाटी उपडी घालून झुरळ पकडलं, पुन्हा जाळीच्या कडेला सोडलं, भिंग घेऊन वाकली. पुन्हा पळालं. पुन्हा पकडलं. आईने तोवर खुर्ची ओढून घेतली होती आणि कपाळाला हात लावला होता. भिंगातून दिसलं ते असं: पाय भोकात घसरला की नडगीवरचा एखादा काटा तारेवर जाऊन टेकायचा, त्यावर भार पडायचा आणि अंग पुढे निघून जायचं. पाऊल कुठे पडलं याची चौकशीच नाही. तार पावलाला न लागो, काट्याला लागेल, कुठेतरी लागेलच. पावलं बघून टाकावीत म्हणतात, पण हा गडी बघतच नव्हता, आणि त्याचं काही अडत नव्हतं. फोटोताईच्या अंगावर सर्रकन काटा आला, आनंदाचा. आणि लगेच तिने भिंग खाली ठेवलं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"आई, मी त्यांचे काटे कापले."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

आईला ओ की ठो कळलं नाही, पण तिने चप्पल खाली ठेवली. झुरळ तेवढ्यात फडताळामागे गेलं. त्या घरातून ते बहुधा एकटंच जिवंत सुटलं असेल.

सोमवारी सकाळी कुणी यायच्या आधी फोटोताईने फिरत्या पट्ट्याऐवजी तारेची जाळी मांडली. काटे कापलेलं झुरळ सोडलं. ते मांडीपर्यंत भोकात गेलं आणि पोटावर पडून पाय झाडत राहिलं. मैदानातलं पोरगं हुबेहूब. काटे असलेलं सोडलं. ते पळून गेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आता तिच्यापुढे एक सोपी वाट होती, आणि ती तिला दिसली नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. नुसतं म्हणायचं, "यंत्राला काटे लावून बघू या का?" झालं. वर शाबासकी मिळाली असती. कात्रीचं कुणाला कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण लोहार दाराशी येऊन उभा राहिला, डोळे तांबारलेले, हातात नवी वाकवलेली पट्टी, पुन्हा स्वतःचीच चूक शोधून आलेला. तिला ते बघवलं नाही. तिने बाईंना बोलावलं आणि दोघांसमोर दोन्ही झुरळं पळवून दाखवली, आणि कात्री टेबलावर ठेवली.

बाईंनी चष्मा काढला. "किती चित्रांत कापलेत?"

"सगळ्या."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. नीट दिसावं म्हणून."

"म्हणजे आपण जगाला न्हाव्याकडून आलेली झुरळं दाखवली," बाई म्हणाल्या. वाक्य विनोदी होतं, पण हसायची कुणाची छाती झाली नाही. "सपाट जागेवरचं बहुतेक टिकेल. पण ते तपासल्याशिवाय म्हणायचं नाही. ज्यांनी ज्यांनी चित्रं नेली, त्यांना कळवा. तुम्हीच कळवा. आणि मीसुद्धा कधी विचारलं नाही, हेही लिहा."

लोहार आपल्या खोलीत गेला आणि दुपारपर्यंत तिथून ठोकण्याचे जे आवाज येत होते ते कामाचे नव्हते.

फोटोताईने एकेकाला कळवलं. कुणी समजुतीने उत्तर दिलं, कुणी कुजकट. कॅमेऱ्याला हात लावायची आता तिला भीतीच वाटायची. पण काटे ठेवून टिपायचं काम तिच्याशिवाय कोण करणार? नवी चित्रं गबाळी निघाली. सावल्या, चकाकी, ठिपके अर्धे झाकलेले. वडिलांनी ती गिऱ्हाइकाला दिली नसती. तिने दिवे हलवले, लेन्स बदलली, कॅमेरा आणखी जवळ नेला. झुरळाला मात्र हात लावला नाही.

आणि मग एका दुपारी काट्याचं उरलेलं गुपित पडद्यावर आलं. काटा तारेवर टेकला तेव्हा खिळ्यासारखा ताठ होता. पण तोच पाय भोकातून वर ओढला गेला तेव्हा तोच काटा नडगीला लागून अलगद मिटला, पाय कुठेही न अडकता बाहेर निघाला, आणि काटा पुन्हा उभा. एका दिशेने कडक, दुसऱ्या दिशेने मऊ. टेकायचं तेव्हा धरून ठेवणारा, निघायचं तेव्हा सोडून देणारा. आणि याला डोक्यातून एकही हुकूम नाही! फोटोताईच्या डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं हे तिच्या कात्रीखाली होतं. हे कुणी, कधी, कशासाठी एवढं निगुतीने केलं असेल, आणि आपण त्याला केर समजून फुंकर मारून उडवत होतो. बाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलंही नाही. गेले कित्येक दिवस त्या तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. "परत लावा," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "परत." शेवटी त्या बोलल्या त्या तिच्याशी नव्हे, पडद्याशीच.

"किती साधं आहे," त्या म्हणाल्या, "आणि आपल्याला सुचलं नसतं."

लोहाराने लवचीक पोलादाचे काटे केले, एका बाजूला कलणारे, दुसऱ्या बाजूला अडणारे, आणि पोरग्याच्या सहाही पायांना बसवले. चालण्याचा प्रोग्राम होता तसाच ठेवला. काटे बसवताना तो फोटोताईला म्हणाला, "ताई, पोरगं बरोबर शिकलं होतं. आपण पाटीच चुकीची गिरवायला दिली." बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी एवढं बोलला होता.

पुन्हा तेच मैदान, तोच ढीग. जवान नळात उतरायला निघाला तेव्हा फोटोताई पुढे झाली. "मी जाऊ का?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी क्षणभर विचार केला. "जाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

हेल्मेट घालून ती नळात आडवी झाली आणि वरून वाट बुजवली गेली. आत असा अंधार होता की डोळे उघडे काय, मिटलेले काय. आयुष्यभर जिचं पोट बघण्यावर चाललं तिला आता बघण्यासारखं काही नव्हतं. सिमेंट पाठीला गार लागत होतं. नाकात धूळ होती. सराव आहे, वर माणसं आहेत, हे ती मनाला बजावत होती, आणि मन ऐकत नव्हतं.

मग आवाज आला. टक, टक, टक. दुरून, विटांवरून. जवळ आला, अजून जवळ. मग लोखंडावर घासल्याचा आवाज झाला आणि तिला कळलं, जाळी आली. एक मोठा खडखडाट. आणि शांतता.

अडकलं, तिच्या मनात आलं. त्या जवानाने हीच शांतता ऐकली होती. खरोखरच्या ढिगाऱ्याखाली खरोखरचं कुणी असतं, आणि त्यानेही हीच ऐकली असती, माझ्या एका कात्रीपायी. तिने श्वास धरला.

टक.

लोखंडावर, जाळीच्या मधोमध. मग पुन्हा टक, आणि मग सलग, न थांबता, डोक्यावरून, बाजूने, खाली. फटीतून उजेडाची एक रेघ आत घुसली आणि पाठोपाठ एक पाय. तिने हात पुढे केला. काटे बोटाखाली मिटले आणि बोट काढताच उभे राहिले. ती ते करतच राहिली.

स्पीकर खरखरला. "फोटोताई," बाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय का? आम्ही वर आहोत."

उत्तर द्यायचं हेच तर तिचं काम होतं, पण ती अजून काटे मिटवत आणि सोडत होती.

"फोटोताई?" आता त्या आवाजात काळजी होती. "अहो, आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. "बाई, मी आहे. ते आलंय माझ्यापर्यंत."

वर लोहार ओरडला, ते तिला स्पीकरशिवायच ऐकू आलं.